पाहुण्यांची पहिली करी: तुम्ही काय मागवलंत?

बर्मिंगहॅम (धागाकर्ती)

शेजारचं इंग्रज जोडपं सत्तरीच्या घरातलं. सगळा जन्म बर्मिंगहॅममध्ये गेला, म्हणजे बाल्टीच्या (छोट्या कढईत करून तिच्यातच वाढलेल्या करीच्या) गावात, तरी दोघांनी करी कधी चाखलेली नव्हती. तिखटाची धास्ती. परवा आजोबांनी आपणहून विचारलं, "तू बरोबर येणार असशील तर जाऊ या का?" मला फार आनंद झाला आणि जबाबदारीही वाटली. पहिलं जेवण फसलं की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

इथे नवख्याला सगळे तिखटाची शिडी सांगतात: कोर्मा सौम्य, मद्रास तिखट, विंदालू त्याहून, फाल सगळ्यात वर. मग भीतीपोटी टेबलावर कोर्मा, पसंदा आणि टिक्का मसाला येतात. तिन्ही क्रीमचे, गोडसर. इथली बरीचशी करी हाउसेस सिल्हेटकडच्या बांगलादेशी कुटुंबांची. त्यांच्याकडे कांद्याची एकच पातळ ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात आधी शिजवून ठेवतात आणि बहुतेक रस्से तिच्यातूनच निघतात. चार रस्से मागवले तर थोड्या वेळाने सगळे सारखेच लागतात. म्हणून मी तिखटापेक्षा ताटाचा विचार करते. एक कोरडं, एक रश्श्याचं, डाळ, हिरवी भाजी आणि काहीतरी थंड.

आधी तंदूरमधले लॅम्ब चॉप घेतले, कारण भाजलेलं मांस त्यांच्या ओळखीचं. मग चिकन भुना (तिखट कमी सांगून), तडका डाळ, साग आलू, साधा पुलाव, एक नान, काकडीचं रायतं. सगळं मधोमध ठेवून थोडं थोडं वाढलं. इंग्रज पद्धतीत प्रत्येकाची आपापली डिश असते, त्यामुळे हे आधी समजावलं. आजींनी डाळ दोनदा मागून घेतली. मेनूकार्डात डाळ 'साइड' म्हणून शेवटच्या पानावर असते, मला ते फार खटकतं.

तुम्ही कुणाला पहिल्यांदा जेवायला घातलंत? कुठलं माणूस, काय निवडलं आणि का, ते सविस्तर लिहा.

ग्लासगो

धागाकर्तीशी थोडा असहमत. पहिल्या जेवणात टिक्का मसाला असावाच. रॉबिन कुक परराष्ट्रमंत्री असताना २००१ मध्ये त्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हणाले होते, आणि आमच्या ग्लासगोकरांचा तर दावा आहे की तो इथेच जन्मला. नवख्या माणसाला एक तरी पदार्थ बेधडक खाता यायला हवा, मग तो बाकीच्या वाट्यांत हात घालतो. मी टिक्का मसाला एकच सांगतो आणि बाकी सगळं तुमच्यासारखंच.

कार्डिफ

वेल्समध्ये 'हाफ अँड हाफ' मागा: अर्धा भात, अर्धे चिप्स. नाकं मुरडू नका. माझ्या सासूबाई (वेल्श) पहिल्यांदा त्या चिप्सच्या आधाराने रोगन जोश खाऊन आल्या.

तोक्यो

इथला प्रश्नच उलटा. जपानी माणसाला करी परकी नाही, ती त्याच्या शाळेतल्या जेवणातली. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) ती ब्रिटिशांकडून आली, म्हणून दाट, गोडसर आणि पिठाने घट्ट केलेली. भारतीय पद्धतीची करी शिंजुकु भागातल्या नाकामुराया या रेस्टॉरंटमध्ये १९२७ पासून मिळते. ती भारतीय क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी आणली, नाकामुरायाच्या मालकांचे ते जावई. आणि हल्ली गल्लोगल्ली जी 'इंडियन' हॉटेलं आहेत (चालवणारे बरेचदा नेपाळी), तिथे ताटाबाहेर लोंबणारा नान आणि बटर चिकन. त्यामुळे माझ्या सहकाऱ्यांना वाटायचं, भारतात सगळे रोज नानच खातात.

मी त्यांना घरी बोलावलं आणि नान केलाच नाही. पहिली वाढणी वरणभात, तूप, लिंबू. बासमती चॉपस्टिकने उचलत नाही, चमच्यातूनही सांडतो, आणि त्यांना मऊ, चिकटसर भाताची सवय, म्हणून पुण्याहून आणलेला आंबेमोहोर लावला. वासानेच सगळे खूश. मग फरसबीची भाजी, कोशिंबीर आणि शेवटी, तोंड सरावल्यावर, कोल्हापुरी मटणाचा रस्सा छोट्या वाटीत. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. तिखट आधी आलं की जीभ बधिर होते आणि वरणाची चव कळतच नाही.

मडगाव

आमचा होमस्टे आहे. इंग्रज पाहुणे येताच 'विंदालू' मागतात, तेही जरा शौर्य दाखवायला. त्यांच्याकडच्या विंदालूत बटाटे असतात आणि तिखटाचा मारा. आमचं विंदालू डुकराच्या मांसाचं. लसूण, माडाचं व्हिनेगर, सुक्या मिरच्या. बटाटा नाही. आंबट आधी लागतं, तिखट मागून येतं, आणि दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरतं. मी ते आदल्या रात्री करते आणि थोडंसंच वाढते.

पण ज्याने आयुष्यात करी खाल्ली नाही त्याला मी कालदीन देते. नारळाचं दूध, हळद, धणे-जिरे, उभी चिरलेली हिरवी मिरची, थोडी चिंच आणि इसवणाचे तुकडे. पिवळी, सौम्य, पण मिळमिळीत अजिबात नाही. सोबत उकड्या तांदळाचा भात. शागुती दुसऱ्या दिवशी, कारण भाजलेल्या खोबऱ्याची आणि खसखशीची चव कळायला जरा सराव लागतो. माशाला काटे आहेत हे मात्र आधी सांगावं लागतं.

बर्लिन

जर्मनांच्या घरी मसुराचं सूप असतं आणि क्रीममधला पालकही. म्हणून माझ्या पहिल्या दोन निवडी ठरलेल्या, मसुराची डाळ आणि पालक पनीर. ओळखीच्या भाजीत अनोळखी फोडणी. कांद्याची भजीही चालतात.

पुणे

कंपनीत परदेशी पाहुण्यांच्या जेवणाचं माझ्याकडे असतं. पदार्थ ठरवण्याआधी मी लेखी विचारते: काय चालत नाही? कोर्मा आणि बहुतेक पांढऱ्या ग्रेव्हीत काजू किंवा बदाम वाटलेले असतात, नावावरून ते कळत नाही. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांच्यासाठी पोळी-नान टाळलं की काम झालं असं हॉटेलवाले समजतात. पण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे डाळीची फोडणीही गेली. मी अशा वेळी जिरं-लसणाची फोडणी सांगते आणि ज्वारीची भाकरी ठेवते (पिठाचं डबडं आणि परात वेगळी हवी, पोळपाटावरचा गहू लागतो). दूधदुभतं न खाणाऱ्यांना भरलं वांगं, मसुराची आमटी, भात. तूप वरून घालू नका हे आचाऱ्याला स्वतः जाऊन सांगायचं.

अख्खी वेलची, लवंग, तमालपत्र खायचं नसतं हे त्यांना कुणी सांगत नाही. पहिल्यांदा जेवणारा माणूस मुकाट्याने चावत बसतो. आणि तोंड भाजलं तर पाण्याऐवजी दही द्या, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. काही जणांना कोथिंबीर साबणासारखी लागते, ते जन्मजात असतं, नखरे नव्हेत. ती वेगळ्या वाटीत ठेवा.

ग्लासगो

मडगावच्या ताई, कालदीन करून बघायची आहे. इथे इसवण मिळत नाही. हॅडॉक चालेल? आणि नारळाचं दूध डब्यातलं?

मडगाव

हॅडॉक चालेल, पण तो लवकर तुटतो. मोठे तुकडे घ्या, मीठ-हळद लावून ठेवा आणि रस उकळल्यावर शेवटी सोडा. चमच्याने ढवळू नका, पातेलं धरून हलवा. डब्यातलं दूध दाट असतं, निम्मं पाणी घाला आणि घातल्यावर आच मंद ठेवा.