डॉक्टर मंडळी ब्रेवेला एवढी का? अनुभव लिहा

नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, २०१५ मध्ये जोडीने 'रॅम' (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत पूर्ण केली. अमेरिका आरपार, सुमारे ४८०० किमी! २०१७ ला लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने मारली. आपल्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत २००, ४००, ६०० किमी सायकल मारायच्या ब्रेवेलाही तेच. सुटायच्या जागी कुणाला चक्कर आली तर चार डॉक्टर धावतील. असं का? डॉक्टर नसलात तरी लिहा.

*

मी भूलतज्ज्ञ. पेशंट झोपतो, मी जागा. रात्रीचं अप्रूप नाही. ४०० च्या ब्रेवेत पहाटे अडीचला कसाऱ्याचा घाट चढत होतो. करंगळी बधिर झालेली. हँडलवर तळहात टेकून कुठली नस दबली ते मला पाठ आहे. पेशंट असता तर 'आठवडाभर सायकल बंद' म्हटलं असतं. मी हात झटकला, चिक्की तोंडात टाकली आणि पुढे. फोन पिशवीत, कॉल दुसऱ्याकडे. त्या २७ तासांत माझ्या हातात कुणाचा जीव नव्हता, नुसता ब्रेक होता.

*

आमचे 'हे' हाडांचे डॉक्टर. सख्ख्या भाचीच्या लग्नाला दवाखाना बंद ठेवता आला नाही. ६०० साठी मात्र ४० तास बरोब्बर निघतात. एवढंच लिहायचं होतं.

*

मी सीए. साडेतेरा तासांत २००, हिशोब सरळ. कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, शिक्का मारायला कुणी नसेल तर एटीएमची स्लिप पुरावा. पुराव्याचा कागद बघितला की मला बरं वाटतं. पहिल्या वेळी दोन पंक्चर झाली, अकरा मिनिटं उशीर. रिटर्न उशिरा भरलं तर लेट फी भरून सुटतो माणूस. इथे तीही सोय नाही!

*

खरं सांगू का? दवाखाना स्वतःचा, सायकल लाखाची, शनिवारी दांडी मारली तर विचारणारं कोणी नाही. जिद्दबिद्द नंतर. माझ्याकडे गुडघे दाखवायला येणारा दूधवाला दोन कॅन लावून रोज तीस किमी मारतो. त्याला मी 'सायकल कमी करा' सांगतो.

*

आयसीयूत सिस्टर आहे. जागरणाची सवय आम्हालाही आहे हो, पण ड्युटी लागते नेमकी रविवारी. पुढच्या महिन्यातल्या २०० साठी रजा टाकलीय. मेट्रन म्हणाल्या, "बघू."