रिव्हॉल्व्हरचा २०२२ चा बॉक्स सेट घ्यावा का? रिमास्टर-रिमिक्सचा घोळ कोणी सोडवेल का?

अर्धवट_गिटारवाला:

मंडळी, जरा सल्ला हवाय. आतेभाऊ न्यू जर्सीहून दिवाळीला येतोय, बॅगेत थोडी जागा आहे, काय आणू म्हणून विचारतोय. माझ्या डोक्यात बीटल्सच्या रिव्हॉल्व्हर या १९६६ च्या अल्बमचा २०२२ साली आलेला सुपर डिलक्स बॉक्स आहे, पाच सीडी आणि जाडजूड पुस्तकवाला. एलपीवाला नको, तो आणायला सांगितला तर वहिनी माझं तोंड बघणार नाहीत. पण सीडीवालासुद्धा रुपयांत पाच आकडी जातो आणि रिव्हॉल्व्हरची जुनी सीडी घरात आहेच, १९८७ वाली, मुंबईतलं रिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान चालू होतं तेव्हा घेतलेली. वर स्ट्रीमिंगवर सगळं पडलेलं आहे. बायको म्हणते तीच चौदा गाणी किती वेळा विकत घेणार आहेस, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे यावर उत्तर नाहीये.

आता मूळ दुखणं. मी बहुतेक वेळा लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकतो आणि त्या जुन्या सीडीवर एलेनॉर रिग्बीमध्ये पॉलचा आवाज पार उजव्या कानात जाऊन बसलाय, टॅक्समनमध्ये ड्रम, बेस, गिटार सगळं डावीकडे कोंबलंय, एक कान बधिर झाल्यासारखं वाटतं राव. मग कोणीतरी सांगितलं २००९ ची रिमास्टर्ड सीडी घे, ती मित्राकडे ऐकली, आवाज स्वच्छ आहे पण पॉल तिथेच उजवीकडे. तर २०२२ मध्ये नेमकं वेगळं काय केलंय? रिमास्टर, रिमिक्स, डिलक्स, सुपर डिलक्स, या शब्दांना काही अर्थ आहे की नुसतं स्टिकर बदलून आपल्याला टोप्या घालतायत?

मोनोबुवा:

रिमास्टर आणि रिमिक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कव्हरवर मात्र दोन्ही अशा छापतात की दुकानात उभं राहून काही कळू नये.

रिमास्टर म्हणजे १९६६ साली गाणं मिक्स होऊन जी शेवटची टेप तयार झाली तीच घ्यायची, नीट डिजिटल करायची, जिथे टेपवर टकटक किंवा खरखर आहे ती काढायची, थोडा टोन जुळवायचा. कुठलं वाद्य डावीकडे आणि कुठलं उजवीकडे हे त्या टेपवर आधीच पक्कं झालेलं असतं, त्याला हात लावता येत नाही. तू ऐकलेली २००९ ची सीडी ही अशी आहे, म्हणून पॉल हलला नाही. रिमिक्स म्हणजे त्याच्याही मागे जायचं, मल्टिट्रॅक टेपवर, म्हणजे जिच्यावर आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत, ट्रॅकवर, भरलेले असतात, आणि सगळी मांडणी नव्याने करायची. २०२२ चं जाइल्स मार्टिन (बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनचा मुलगा) आणि इंजिनिअर सॅम ओकेलचं काम हे रिमिक्स आहे.

आता ते गाणं मुळात असं लंगडं का झालं. अॅबी रोड स्टुडिओत तेव्हा चारच ट्रॅकची मशीन होती, स्टुडरची. चार ट्रॅक भरले की त्यांचं मिश्रण दुसऱ्या टेपच्या एकदोन ट्रॅकवर उतरवायचं आणि उरलेल्या जागेत पुढचं रेकॉर्डिंग. त्यामुळे ड्रम, बेस आणि गिटार एकाच ट्रॅकवर चिकटून बसायचे, ते तिघं मिळून एक तर डावीकडे जाणार, नाहीतर मध्ये, नाहीतर उजवीकडे. स्टिरिओ, म्हणजे दोन कानांना वेगवेगळा आवाज, करायचा म्हणून केला झालं. इंग्लंडात तेव्हा बहुतेकांच्या घरी मोनो, म्हणजे सगळा आवाज एकत्र देणारे प्लेअरच होते, बँडचं लक्षही मोनोवरच. सार्जंट पेपर या पुढच्या अल्बमच्या मोनोला तीन आठवडे घातले आणि स्टिरिओ तीन दिवसांत उरकला असं त्यांचा इंजिनिअर जेफ एमरिक सांगायचा.

म्हणून माझं मत विचारशील तर तुझ्या हेडफोनच्या दुखण्यावर औषध नवीन मिक्स नाहीच, मोनो आहे. डावं नाही उजवं नाही, सगळं मध्ये, आणि काय दणका आहे त्याला. शिवाय तो वेगळा अल्बम आहे अक्षरशः, आय अॅम ओन्ली स्लीपिंगमधली उलटी गिटार मोनोमध्ये वेगळ्या जागी येते. २००९ मध्ये स्टिरिओ सीडींचा आवाज थोडा दाबून वर उचललाय, त्याच वर्षीच्या मोनो बॉक्समध्ये तसलं काही केलं नाही, हे पण लक्षात ठेव. आणि २०२२ च्या बॉक्समध्ये मूळ मोनो चौथ्या सीडीवर आहे, म्हणजे घेतलास तरी फुकट जाणार नाही.

अवांतर: कोणी बीटल्सच्याच रबर सोल किंवा हेल्प या अल्बमची १९८७ ची सीडी "ओरिजिनल" म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा. त्या दोन्ही सीडींसाठी जॉर्ज मार्टिनने १९८६ साली स्टिरिओ मिक्स परत केला होता. १९६५ चा मूळ स्टिरिओ हवा तर तो २००९ च्या मोनो बॉक्समध्ये त्या दोन डिस्कवर जास्तीचा म्हणून दिलाय. मोनोच्या डब्यात स्टिरिओ, बोला आता.

खर्चिक_काका:

मोनोबुवांचं प्रवचन ऐकलं, नमस्कार करून असहमत. मोनो भारी आहेच पण या बॉक्सची खरी गंमत तिथे नाहीये.

२०२२ चा रिमिक्स साधा रिमिक्स नाही. वर बुवांनी लिहिलंय तसं ड्रम-बेस-गिटार एकाच ट्रॅकवर, मग जाइल्स मार्टिन मल्टिट्रॅकवर जाऊन तरी काय करणार? पेपरच्या वेळी, २०१७ ला, मिश्रण करायच्या आधीच्या टेपा होत्या, त्या एकमेकांना जुळवून जमलं. रिव्हॉल्व्हरला ते पुरत नव्हतं. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या लोकांनी गेट बॅक या बीटल्सवरच्या माहितीपटाच्या वेळी एक सॉफ्टवेअर बनवलं, मशीनला एकेका वाद्याचा आवाज ओळखायला शिकवायचं आणि मग एकाच ट्रॅकमधून ते सुटं काढायचं. मिसळ कालवून झाल्यावर फरसाण परत कोरडं काढून द्यायचं असं काम आहे हे. टॅक्समन लावून बघ, बेस मध्ये येऊन असा धडकतो की वाटतं हा माणूस इतकी वर्षं होता कुठे. एलेनॉर रिग्बीत पॉलपण मध्ये आलाय एकदाचा.

पण माझे पैसे वसूल झाले ते दुसऱ्या-तिसऱ्या सीडीवर, सेशन्सच्या, म्हणजे स्टुडिओतले वेगवेगळे प्रयत्न, टेक्स, आहेत त्या. रेन हे गाणं घे, ती जड संथ चाल आपल्याला माहितीये, त्यांनी वाजवलं होतं बरंच वेगात आणि मग टेप हळू केली. इथे पाचवा टेक मूळ वेगाने दिलाय आणि रिंगो त्या स्पीडला जे वाजवतोय ते ऐकून मी अक्षरशः परत मागे घेऊन ऐकलं. यलो सबमरीन, जे आपण पोरांचं गाणं समजतो, ते जॉन एकटा गिटार घेऊन घरी गातोय, आणि ते चक्क उदास गाणं आहे. टुमॉरो नेव्हर नोजचा पहिला टेक तर असा घुमतो की काळच कळत नाही.

आणि लव्ह यू टू, जॉर्ज हॅरिसनचं सतारवालं गाणं. पहिला टेक नुसत्या अकूस्टिक गिटारवर आहे, सतार नाही तबला नाही, साधं इंग्लिश गाणं. मग पुढे रिहर्सल, आणि मग सातवा टेक. तबल्यावर अनिल भागवत, हे नाव १९६६ च्या मूळ कव्हरवर छापलेलं आहे, आणि बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव छापणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या अख्ख्या ग्रुपने "आपला माणूस" म्हणून गलका केला होता, माणूस कुठला काय काही माहीत नसताना. जॉर्ज हॅरिसनने त्यांना सोळा मात्रांत वाजवा आणि मनाने वाजवा एवढंच सांगितलेलं. स्टिरिओच्या जुन्या मिक्समध्ये मी तो तबला नेहमी सतारीच्या मागून ऐकायचो, आता बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) सुटा ऐकू येतो, मींड घेतल्यासारखा खाली घसरतो तो. याच्यासाठी तरी घे रे बाबा.

फुकट_रसिक:

सगळ्यांचा मान राखून, थोडं थंड पाणी ओततो.

काकांनी जे जे सांगितलं ते सगळं स्ट्रीमिंगवर आहे. सगळं म्हणजे सगळं, सेशन्स, मोनो, नवा मिक्स, ६३ ट्रॅक. उलट डॉल्बी अॅटमॉसचा, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येणारा मिक्स फक्त स्ट्रीमिंगवरच आहे, बॉक्समध्ये ब्ल्यू-रे घातलेलीच नाही! व्हाइट अल्बम आणि अॅबी रोडच्या डब्यात ब्ल्यू-रे होती, इथे पैसे तेवढेच घेतले आणि डिस्क काढली. मग पाच आकडी पैसे कशाचे, तर पुस्तकाचे. पुस्तक चांगलं आहे हे मान्य, शंभर पानी आहे, कव्हर काढणाऱ्या क्लाउस फोरमनने ते कव्हर कसं झालं हे चित्रकथेत सांगितलंय, पण तेवढ्यासाठी?

दुसरं, हे डबे साठच्या दशकातल्या बँडचेच का येतात, आणि पन्नास वर्षांच्या आसपासच का? नुसतं प्रेम नाहीये ते. युरोपात रेकॉर्डिंगवरचा हक्क ५० वर्षांचा होता, २०११ च्या कायद्याने तो ७० केला, पण मेख अशी की जे ५० वर्षांत बाहेरच काढलं नाही त्याचा हक्क जातो. म्हणून २०१२ च्या शेवटी बॉब डिलनच्या कंपनीने १९६२ ची रेकॉर्डिंग्ज जेमतेम शंभर कॉप्या काढून युरोपात गुपचूप दुकानात ठेवली, नावातच कॉपीराइट एक्स्टेन्शन, लाज पण नाही. बीटल्सनी डिसेंबर २०१३ ला १९६३ चे ५९ ट्रॅक आयट्यून्सवर टाकले ते त्याचसाठी. मग डिलनचा तो कटिंग एज नावाचा बॉक्स, मोठी आवृत्ती १८ सीडींची, ५००० नग. सहा सीडींच्या लहान आवृत्तीत पण एक अख्खी सीडी लाइक अ रोलिंग स्टोन या एकाच गाण्याच्या टेक्सची आहे. एवढं कोण ऐकतं?

मोनोबुवा:

मी ऐकतो. 🙂 त्या सीडीवर गाणं आधी तीनच्या ठेक्यात चालू होतं, वॉल्ट्झसारखं, चाचपडत, आणि मग एकदम उभं राहतं. आणि गंमत म्हणजे पूर्ण टेक लागला तो लागला, पुढे कितीतरी वेळा प्रयत्न करून परत तसा जमतच नाही त्यांना. हे तुम्हाला कुठलं पुस्तक वाचून कळणार नाही.

बाकी कायद्याचं बरोबर आहे पण इथे लागू नाही. रिव्हॉल्व्हर १९६६ चा, बॉक्स २०२२ चा, ५६ वर्षं झाली. तो हक्कासाठी काढायचा असता तर २०१६ लाच काढला असता. तेव्हा वाद्यं सुटी करायची सोय नव्हती म्हणून थांबले.

आणि ब्ल्यू-रेबद्दल पूर्ण सहमत, ती वगळायला नको होती. एक जमेची बाजू सांगतो, टुमॉरो नेव्हर नोजचा एक वेगळा मोनो मिक्स, रिमिक्स ११, मूळ एलपीच्या अगदी पहिल्या काही प्रतींवर चुकून गेला होता आणि लगेच बदलला. त्या प्रतीसाठी लोक काय काय मोजायचे. तो मिक्स या बॉक्समध्ये दिलाय.

ठाण्याचा_डोअर्सवाला:

धागा बीटल्सचा आहे पण मधेच नाक खुपसतो, कारण रिमास्टरची भानगड नुसत्या टोनची नसते. डोअर्सचा पहिला अल्बम, १९६७. आम्ही कॉलेजात लाइट माय फायर बसवत होतो, कॅसेटसोबत वाजवायला गेलं की गिटार कधीच जुळायची नाही, आमच्या कीबोर्डवाल्याला वाटायचं त्याचाच कीबोर्ड बिघडलाय. नंतर कळलं की त्या स्टिरिओ अल्बमची टेपच हळू चालत होती, साडेतीन टक्क्यांच्या आसपास, सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याची रेकॉर्ड, तेवढी बरोबर स्पीडची. त्यांचा इंजिनिअर ब्रूस बॉटनिकने २००६ च्या बॉक्सच्या वेळी ते दुरुस्त केलं. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं जगाने जिम मॉरिसन थोडा जाडा आवाज करून ऐकला. रोलिंग स्टोन्सच्या बेगर्स बँक्वेट अल्बमचं पण तसंच, २००२ च्या सीडीवर स्पीड सुधारला.

मला मात्र अजून हळूवालाच आवडतो. कानाला तीच सवय.

आणि बुवांच्या मोनोपंथाला एक पुरावा: बीच बॉईजचा पेट साउंड्स अल्बम. तो बनवणाऱ्या ब्रायन विल्सनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच यायचं नाही, त्याने मोनोच केला. खरा स्टिरिओ थेट १९९७ च्या बॉक्समध्ये आला. मी दोन्ही ऐकतो, भांडत नाही.

अर्धवट_गिटारवाला:

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. काल बुवांचं ऐकून स्ट्रीमिंगवर मोनो शोधला आणि अंधेरी ते चर्चगेट तेवढंच ऐकलं. एलेनॉर रिग्बीत व्हायोलिनं कानाखाली वाजतात. मग काकांचं ऐकून नवीन टॅक्समन लावला, तो पण आवडला, आता पंचाईत. रसिक भाऊ, तुमचं बरोबर आहे की सगळं फुकटात आहे, पण ती सेशन्सची गाणी फोनवर शफलमध्ये मधेमधे येतात तेव्हा काही कळत नाही कुठला टेक कशाचा. पुस्तक समोर ठेवून एकेक सीडी ऐकायची असेल तर डबाच लागेल असं दिसतंय. व्हाइट अल्बमचा पण बघू का, की एका वेळी एकच?

खर्चिक_काका:

एका वेळी एकच, आधी हा पचव. पण व्हाइट अल्बमचा २०१८ चा कधीतरी घेच, इंग्लंडात एशरला जॉर्ज हॅरिसनच्या घरी केलेले २७ डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग्ज, आहेत त्यात, हृषीकेशहून आल्या आल्या केलेले. आणि सहाव्या सीडीवर जॉर्जच्याच द इनर लाइट या गाण्याचा नुसता वाद्यांचा टेक आहे. हे रेकॉर्डिंग लंडनचं नाही बरं का, आपल्या मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओतलं, जानेवारी १९६८. जॉर्ज स्वतः आला होता. आवाज नंतर तिकडे जाऊन भरले, पण वाद्यं सगळी इथली. गायनाशिवाय ते ऐकलं की बँड वगैरे विसरायलाच होतं.

आणि आतेभावाला एक सांग, घेतल्यावर तिकडेच डबा उघडून पाचही डिस्क उन्हात तिरक्या धरून बघ म्हणावं. हे असे पुठ्ठ्याच्या खाचेतून सीडी ओढून काढायचे डबे असले की कोऱ्या डिस्कवर ओरखडे निघतात, माझ्या एका दुसऱ्या सेटचं तसं झालं आणि इथून बदलून मागायचा म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च आणि कस्टम्सची उस्तवार आपल्याच गळ्यात.

फुकट_रसिक:

डबा आला की फोरमनच्या चित्रकथेची पानं बघायला येतो. चहा ठेव.