टावीची वयाची रेघ ७० वर आणली, पण पुरावा कुठे आहे?

तिरकमठा (धागाकर्ता)

महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांसाठी युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२१ साली ढोबळ रेघ आखली होती: ७५ च्या पुढे टावी (छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळीने नवी झडप बसवणे), त्याखाली शस्त्रक्रिया. २०२५ साली ती रेघ ७० वर आली. अमेरिकेच्या २०२० च्या सूचनांत ६५ ते ८० या पट्ट्यात दोन्ही चालेल, रुग्णाशी बोलून ठरवा, असे आहे. माझ्या मते रेघ इतकी खाली आणण्याजोगा पुरावा अजून हातात नाही.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. वयोमानाने झडपेच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचते, त्या कडक होतात आणि हृदयाला रक्त बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. झडपेचे तोंड १ चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान झाले, किंवा रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर गेला, की आजार तीव्र समजतात. धाप, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे सुरू झाले की वेळ थोडा असतो. पूर्वी छाती उघडून झडप बदलणे हा एकच मार्ग होता. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रूआँ इथे अलँ क्रिबिये यांनी रक्तवाहिनीतून नळी नेऊन जुन्या झडपेतच नवी बसवली. तीच टावी.

ज्यांना शस्त्रक्रिया झेपणारच नाही त्यांच्याबद्दल वाद नाही. २०१० च्या पार्टनर चाचणीत अशा रुग्णांपैकी टावी झालेले ३०.७ टक्के वर्षभरात दगावले, तर नेहमीच्या उपचारांवर ठेवलेले ५०.७ टक्के. असा फरक हृदयरोगात क्वचितच दिसतो.

माझा आक्षेप ज्यांना शस्त्रक्रियेची जोखीम कमी अशा रुग्णांपुरता आहे. अशाच रुग्णांत टावी आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या २०१९ च्या पार्टनर ३ चाचणीत सरासरी वय ७३. मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा रुग्णालयात भरती यांचा एकत्रित निकष वर्षभरात टावी गटात ८.५ टक्के आणि शस्त्रक्रिया गटात १५.१ टक्के. गाजावाजा झाला, त्याच वर्षी अमेरिकेत मंजुरीही मिळाली. पाचव्या वर्षी हेच आकडे २२.८ आणि २७.२ झाले, म्हणजे फरक ठामपणे सांगण्याजोगा उरला नाही. मृत्यू तर टावीत १० टक्के आणि शस्त्रक्रियेत ८.२ टक्के. हाही फरक योगायोगाचा असू शकतो, मान्य. पण सुरुवातीची आघाडी वर्षागणिक विरघळते आहे आणि आपण मात्र रेघ तरुणांकडे सरकवतो आहोत. सत्तरीच्या धडधाकट माणसापुढे पंधरा वर्षे असू शकतात. एवढी वर्षे झडप टिकेल हे कोणत्या चाचणीने दाखवले?

कॅथलॅबवाला

तिरकमठाराव, आकडे बरोबर दिलेत, पण सोयीचे तेवढेच. पार्टनर ३ मध्ये पहिल्या वर्षी मृत्यू (आधी टावी, मग शस्त्रक्रिया) १.० विरुद्ध २.५ टक्के, पक्षाघात १.२ विरुद्ध ३.१. म्हणजे "पुन्हा भरती" काढून टाकली तरी काटा टावीकडेच झुकतो. शिवाय पहिल्या महिनाभरात मोठा रक्तस्राव ३.६ विरुद्ध २४.५ टक्के, आणि नव्याने सुरू झालेली हृदयाची अनियमित लय ५ विरुद्ध ३९.५ टक्के. रुग्णालयातला मुक्काम ३ दिवस विरुद्ध ७. हे सगळे जमेस धरायचेच नाही का?

"आघाडी विरघळते" म्हणता, त्याचा अर्थ पाच वर्षांनी दोन्ही सारखे. सारखेच असतील तर ७२ वर्षांच्या माणसाने छातीचे हाड कापून घ्यायचे कशासाठी?

आकडेमोड्या

दोघांनीही एक गोष्ट सोडली. पार्टनर ३ मध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडले, त्यात चिठ्ठी टावीची निघाली असे ५०३ आणि शस्त्रक्रियेची निघाली असे ४९७. प्रत्यक्ष टावी झाली ४९६ जणांची, शस्त्रक्रिया मात्र ४५४ जणांचीच. एका बाजूने ७ गळाले, दुसरीकडून ४३. साहजिक आहे, "तुमची छाती उघडायची" असे कळल्यावर काही जण हात जोडून निघून जातात. पण निघून गेलेले कोण होते, जास्त आजारी की जास्त तंदुरुस्त, हे माहीत नसेल तर दीड-दोन टक्क्यांच्या फरकावर फार मोठे घर बांधू नये. हे दोन्ही पक्षांना लागू. तिरकमठांच्या पाच वर्षांच्या मृत्यूंनाही.

दुसरे म्हणजे रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही कोणता उपचार झाला ते माहीत असते. मृत्यूच्या मोजणीत त्याने फरक पडत नाही. पुन्हा भरती करायची की नाही या निर्णयात पडतो.

सुनेत्रा

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण वडिलांच्या निमित्ताने हे सगळं वाचावं लागलं. तुम्ही मंडळी दहा-पंधरा वर्षांचा पुरावा मागता. तो येईपर्यंत आज सत्तरीत असलेला माणूस ऐंशीच्या पुढे गेलेला असेल! आणि तोवर टावीची झडपच बदललेली असेल, मग "जुन्या मॉडेलचा पुरावा चालणार नाही" असं म्हणणारे येतीलच. या हिशेबाने पुरावा कधीच पुरणार नाही.

तिरकमठा

सुनेत्राताई, मुद्दा रास्त आहे. म्हणूनच मी टावी बंद करा म्हणत नाही. रेघ ७५ वर होती ती तिथेच राहू द्यायची होती, एवढेच. त्याखाली ज्याला हवी त्याने सगळे ऐकून घ्यावी. मार्गदर्शक सूचनेत वय छापले की पुढे कोणी काही ऐकवत नाही, "तुम्ही सत्तरच्या पुढे, म्हणजे टावी" इतक्यावर बोलणे संपते.

कॅथलॅबवाला

दीर्घकालीन पुरावा मुळी नाहीच असे नाही. टावी आणि शस्त्रक्रिया यांचीच तुलना करणाऱ्या नोशन चाचणीचे दहा वर्षांचे निकाल २०२४ साली आले. मृत्यू ६२.७ विरुद्ध ६४ टक्के, म्हणजे बरोबरी. आणि झडपेची गंभीर झीज टावीत १.५ टक्के, शस्त्रक्रियेत १० टक्के. घ्या, टिकाऊपणा हवा होता ना?

टाकेघाले

मी शल्यविशारद आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार ते वाचकांनी आधीच धरून चालावे. तरीही नोशनबद्दल बोलतो. २८० रुग्ण, सरासरी वय ७९. दहा वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त गेले. झडप खराब व्हायला माणूस जगावा लागतो. जे उरले त्यांच्या झडपांवरून ६८ वर्षांच्या रुग्णाला दिलासा द्यायचा? शिवाय त्या काळी शस्त्रक्रियेत वापरलेल्या काही झडपा लवकर झिजतात हे नंतर उघड झाले. म्हणजे तुलना शस्त्रक्रियेशी कमी आणि एका कमजोर झडपेशी जास्त झाली.

तरुण रुग्णांची खरी चाचणी म्हणजे नोशन २. ती कोणी काढत कशी नाही? ३७० रुग्ण, सगळे ७५ किंवा त्याखालचे, जोखीम कमी. वर्षभरात मृत्यू, पक्षाघात किंवा भरती: टावी १०.२ टक्के, शस्त्रक्रिया ७.१. ज्यांची झडप जन्मतःच दोन पाकळ्यांची, त्या शंभर जणांत १४.३ विरुद्ध ३.९. आणि वय जितके कमी तितके दोन पाकळ्यांचे रुग्ण जास्त, हे आम्ही रोज बघतो. मोठ्या चाचण्यांनी हे रुग्ण दारातच अडवले होते.

आकडेमोड्या

टाकेघाले साहेब, शंभर जणांत १४.३ विरुद्ध ३.९ म्हणजे साधारण सात विरुद्ध दोन माणसे. आणि तीन पाकळ्यांच्या गटात ८.७ विरुद्ध ८.३, म्हणजे फरक नाहीच. दोन पाकळ्यांच्या रुग्णांत जपून, इतके यातून निघते. वयाची रेघ चुकली हे निघत नाही. युरोपची २०२५ ची सूचनासुद्धा तीन पाकळ्यांच्या आणि रचनेने योग्य असलेल्या झडपांपुरतीच आहे, हे धाग्यात कोणीच लिहिलेले नाही.

कॅथलॅबवाला

+१. आणि डेडिकेट चाचणीवर सगळे गप्प का? जर्मनी, ३८ केंद्रे, १४१४ रुग्ण, सरासरी वय ७४. पैसा झडपा विकणाऱ्या कंपनीचा नाही, सार्वजनिक संशोधन केंद्राचा आणि हार्ट फाउंडेशनचा. निकषही चोख, मृत्यू किंवा पक्षाघात, भरती-बिरती नाही. वर्षभरात ५.४ विरुद्ध १० टक्के. निव्वळ मृत्यू २.६ विरुद्ध ६.२. "कंपनीने जिंकवले" हा नेहमीचा बाण इथे चालत नाही.

टाकेघाले

गप्प नाही, पाळी येऊ द्या. कमी ते मध्यम जोखमीच्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर वर्षात ६.२ टक्के मृत्यू? पार्टनर ३ मध्ये तोच आकडा २.५ होता. साडेतीन टक्क्यांहून जास्त कुठून वाढले हे कळल्याशिवाय टावीची पाठ थोपटता येत नाही. आणि डेडिकेटसुद्धा पाच वर्षांचा निकाल द्यायची आहे.

कॅथलॅबवाला

म्हणजे निवडक केंद्रांतली शस्त्रक्रिया खरी आणि ३८ केंद्रांतली रोजची शस्त्रक्रिया खोटी? रुग्ण तर रोजच्याच केंद्रात जाणार आहे. आपल्या बाजूचा आकडा वाईट आला की परिस्थितीवर बोट आणि चांगला आला की पुरावा, ही पद्धत शल्यविशारदांना शोभत नाही.

टाकेघाले

पेसमेकरबद्दल बोलताना तुम्हीही तेच करता. स्वतः फुलणाऱ्या टावी झडपेच्या, कमी जोखमीच्या रुग्णांतल्या चाचणीत महिनाभरात १७.४ टक्क्यांना पेसमेकर लागला, शस्त्रक्रियेत ६.१. त्यावर उत्तर काय येते? "आता तंत्र सुधारलंय." आमचे तंत्र सुधारत नाही का?

संपादक मंडळ

कृपया व्यक्तीवर येऊ नये. आकड्यांवर भांडा.

गोळीवाली

जरा वेगळा प्रश्न. इतकी वर्षे झडपेवर चर्चा चालू आहे, पण मूळची झडप अरुंद होणे थांबवणारे औषध का नाही? कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन्स होते ना?

आकडेमोड्या

होते, आणि त्यांची कथा या धाग्यातल्या प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. झडपेतली झीज रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थरासारखी दिसते, आणि जुन्या नोंदी चाळल्यावर स्टॅटिन घेणाऱ्यांच्या झडपा सावकाश अरुंद होताना दिसल्या. सगळे खूश. मग चिठ्ठ्या टाकून गट पाडले. २००५ ची एडिंबराची सॉल्टायर (१५५ रुग्ण), २००८ ची सीज (१८७३ रुग्ण), २०१० ची ॲस्ट्रोनॉमर: तिन्हींत झडप अरुंद होण्याचा वेग ढिम्म तसाच. हाडांच्या औषधांचीही २०२१ साली तीच गत, जीवनसत्त्व के२ ची २०२२ साली. बहुधा एकदा कॅल्शियमचे चक्र सुरू झाले की ते स्वतःच्या जोरावर फिरते आणि कोलेस्टेरॉल कमी करायला आपण उशिरा पोचतो. लायपोप्रोटीन ए या अनुवंशिक घटकाचा झडपेच्या आजाराशी पक्का संबंध २०१३ साली जनुकांवरून दिसला, त्यामुळे तो कमी करणाऱ्या औषधांकडे आता आशेने पाहतात. पण आशेने पाहणे स्टॅटिनच्या वेळीही झाले होते.

सुनेत्रा

मग लक्षणं नसताना झडप बदलायची का, यावरही बोला. वडिलांना काहीच त्रास नाही, पण इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) "तीव्र" लिहिलंय.

कॅथलॅबवाला

अर्ली टावर चाचणी, २०२४. ९०१ रुग्ण, त्रास नसलेले, बहुतेकांची चालण्याची चाचणी घेऊन खात्री केलेली. लगेच टावी केलेल्यांत मृत्यू, पक्षाघात किंवा अचानक भरती २६.८ टक्के, वाट पाहणाऱ्यांत ४५.३. वाट पाहणाऱ्यांतल्या ८७ टक्क्यांची झडप पुढे बदलावीच लागली. थांबून मिळवले काय?

तिरकमठा

मृत्यू ८.४ विरुद्ध ९.२. म्हणजे सगळा फरक जवळजवळ भरतीचा. ज्याला "तुझी झडप तीव्र अरुंद आहे, आम्ही लक्ष ठेवून आहोत" असे सांगितले आहे, तो पहिल्या धापेला रुग्णालय गाठणारच. त्याच वर्षीच्या इव्हॉल्व्ड चाचणीत २२४ जणांत, तेही हृदयाच्या स्नायूत व्रण दिसू लागलेल्यांत, १८ विरुद्ध २३ टक्के. फरक सिद्ध झाला नाही. सुनेत्राताई, वडिलांची नियमित इको आणि जमत असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालण्याची चाचणी करून घ्या. खूप लोक त्रास नाही म्हणतात, कारण त्यांनी जिने चढणेच सोडलेले असते.

सुनेत्रा

हे शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. विचारते त्यांना.

टाकेघाले

मूळ विषयाकडे. टावीची झडप बिघडली तर दुसरी त्यात बसवता येते, पण दोन्ही झडपांच्या जाळ्या एकात एक आल्या की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांची तोंडे झाकली जाऊ शकतात. मग आमच्याकडे येतात, बसवलेली झडप काढायला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत अशा २६९ रुग्णांपैकी १३.१ टक्के महिनाभरात गेले. उलट, आधी शस्त्रक्रियेने पुरेशा आकाराची झडप बसवली, तर पंधरा वर्षांनी तिच्यात टावी करणे तुलनेने सोपे. म्हणून साठीच्या शेवटच्या वर्षांतल्या माणसाला मी क्रम उलटा करू नका म्हणतो.

कॅथलॅबवाला

त्या २६९ पैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणांच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला होता. तशी झडप काढणे कोणत्याही हाताने धोक्याचेच, आधी टावी असो वा शस्त्रक्रिया. झिजलेली झडप आणि पू झालेली झडप एका टोपलीत घालू नका. क्रमाचा मुद्दा मात्र खोडणार नाही. ६५-६८ च्या रुग्णाचा सीटी पाहिल्यावर, दुसऱ्या झडपेला जागा उरणार नाही असे दिसले तर मीही त्याला शल्यविशारदाकडे पाठवतो. पण हे सीटी पाहून ठरते, जन्मतारीख पाहून नाही. ७५ वर रेघ ठेवा म्हणणारे आणि ७० वर ठेवा म्हणणारे दोघेही तिथेच फसतात.

तिरकमठा

मग सूचनेत सीटीचे निकष आधी आणि वय नंतर लिहा. तसे झाले तर माझा निम्मा आक्षेप संपला. उरलेला निम्मा पार्टनर ३ चे दहा वर्षांचे आकडे येईपर्यंत तसाच राहील.

आकडेमोड्या

ते आले की गळालेल्या ५० जणांचे काय झाले ते आधी शोधा, मग इथे नवा धागा काढा.