विकत घेतलेला गेम खरंच आपला असतो का? तुमचे अनुभव सांगा

डिस्क चांगली की डाउनलोड, यावर तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र तुमच्या वाट्याला प्रत्यक्ष काय आलं ते ऐकायचंय. निमित्त कॅलिफोर्नियातल्या कायद्याचं. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल गेम विकताना ‘तुम्हाला फक्त वापरायचा परवाना मिळतोय’ हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. जो गेम कायमचा उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतो, त्याला यातून सूट आहे. माझ्या मते खरी मेख त्या सुटीतच आहे. गेम सुरू करताना कुणाची परवानगी लागते का, एवढंच मी हल्ली बघते. तुम्ही काय बघता? मोकळेपणाने लिहा.

*

ताई, लिहावं की नाही या विचारात होतो. माझा धाकटा भाऊ गेला. त्याच्या डिस्कचा खोका आईने जपून ठेवला होता. त्यातली एक डिस्क, मागे बारीक चरे पडलेली, त्याच्या जुन्या कन्सोलमध्ये घातली. जरा खरखरली आणि चालू झाली. त्याचा अर्ध्यावर राहिलेला डाव सापडला: गढीच्या दारात उभा, जवळ औषधाच्या दोनच बाटल्या. आता माझी मुलगी काकाचा डाव तिथून पुढे खेळते.

त्याने डिजिटल घेतलेले गेम याहून कितीतरी जास्त होते. कंपनीला कळवलं, मृत्यूचा दाखला पाठवला. उत्तर अगदी सभ्य आलं: खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आणि पासवर्ड आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही.

*

मी दुसरी बाजू मांडते. संधिवाताने माझी बोटं वाकडी झालीत. डिस्क खोक्यातून उचकटून, कडेने धरून नीट बसवणं मला जमत नाही. दर वेळी घरातल्या कुणाला तरी हाक मारावी लागायची. आता मनात आलं की खेळते. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, त्यामुळे बटणं माझ्या हाताला झेपतात का ते आधी बघून घेते. सील फोडलेली डिस्क कोण परत घेतं? वरच्या दादांचं दुःख पोचलं. पण माझ्यासाठी खेळता येणं आधी, मालकी नंतर.

*

डिस्क हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ‘द क्रू’ हा २०१४चा गेम. ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर, म्हणजे गेम इंटरनेटवरून ज्यांना जोडला जातो ते कंपनीचे कॉम्प्युटर, बंद झाले आणि डिस्कवाले, डाउनलोडवाले सगळेच सारखे अडकले, कारण एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ त्यावरूनच उभी राहिली. याउलट ‘ॲलन वेक’ २०१७मध्ये गाण्यांचे हक्क संपल्यामुळे विक्रीतून काढला, तरी ज्यांनी आधी घेतला होता त्यांचा चालूच राहिला, आणि हक्क नव्याने मिळाल्यावर पुढच्या वर्षी तो विक्रीलाही परत आला. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळतच नव्हते. मला याचा फार राग येतो. कुणीतरी वर्षानुवर्षं राबून केलेली ही कामं आहेत.

*

मी जुन्या गेमच्या कॅसेटी दुरुस्त करतो. गेम बॉय या हातात धरून खेळायच्या जुन्या कन्सोलच्या कित्येक कॅसेटींमध्ये गेम चिपवर पक्का असतो, पण आपण सेव्ह केलेला डाव एका नाण्याएवढ्या बॅटरीच्या जिवावर टिकतो. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये घड्याळही त्याच बॅटरीवर चालतं, म्हणून ती लवकर बसते. लोक नुसती बॅटरी बदलतात आणि डाव पुसला जातो. आधी कार्ट्रिज रीडरने (कॅसेट कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, मग जुनी बॅटरी काढून पट्ट्या असलेली नवी सोल्डर करायची, आणि शेवटी सेव्ह परत चढवायचा. हे मला घरी करता येतं. बंद पडलेल्या सर्व्हरला मी काय करणार?

*

एक शंका. निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलच्या गेमच्या काही खोक्यांवर ‘गेम-की कार्ड’ असं असतं, ते काय?

*

त्या कार्डात गेम नसतो. तो आधी इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो, आणि नंतरही खेळताना कार्ड आत असावंच लागतं. दुसऱ्याला देता येतं, विकता येतं, तेवढा फायदा. खोक्याच्या दर्शनी बाजूला खाली ही सूचना छापलेली असते, घेण्याआधी वाचा. मी शक्य तिथे जीओजी या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेते. तिथे इन्स्टॉलरची, म्हणजे गेम कॉम्प्युटरवर बसवायची फाइल मिळते, ती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवते आणि एकदा इंटरनेट बंद करून गेम लागतो का ते तपासते.