नियम एकच, बघणारे वेगळे
बांधकामाच्या साइटवरची माती अडवायचे नियम सोलापुरात कडक आणि बार्शी-पंढरपुरात ढिले, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. कागदावर तसं नाही. 2020 पासून तिन्हीकडे राज्याची एकच बांधकाम नियमावली आहे. राडारोड्याबद्दल केंद्राने 2016 मध्ये आणलेले नियमही सगळीकडे सारखेच लागू झाले: माल आवारातच ठेवायचा, गटार तुंबवायचं नाही. फरक पडतो तो बघायला कोण येतं यात.

आपली काळी माती तर बेरकी. सप्टेंबरच्या एका जोरदार सरीत पायाच्या खड्ड्याशेजारचा ढीग रस्त्यावर येतो आणि डंपरची चाकं तो चिखल पार चौकापर्यंत नेतात. ढिगावर ताडपत्री, उताराकडे मुरुमाच्या गोण्या, गेटपाशी खडीचा थर. फार खर्च नाही हो. पण ताडपत्री सिमेंटवरच पडते! बार्शीकरांनो, तिकडे परवानगीच्या अटींत यातलं काही लिहून देतात का?