'अग्बाला'ला मराठीत काय म्हणाल?

रानजाई
आमच्या वाचनगटासाठी नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) या कादंबरीतल्या सात-आठ पानांचा अनुवाद करतेय. येत्या रविवारी वाचायचाय आणि एका शब्दापाशी चार दिवस गाडं अडलंय.

कादंबरीचा नायक ओकोन्क्वो लहान असताना त्याचा एक सवंगडी त्याच्या बापाला 'अग्बाला' म्हणतो. तेव्हा पोराला कळतं की हा शब्द नुसता बाईसाठी नाही, ज्याने जन्मात एकही मान (इंग्रजीत 'टायटल') मिळवला नाही अशा पुरुषालाही तो लावतात. बाप म्हणजे उनोका. बासरी वाजवणारा, हातात पैसा आला की ताडी पिणारा आणि कुणाचं किती देणं आहे त्याच्या खडूच्या रेघा घराच्या भिंतीवर मारून ठेवणारा.

मी बिनधास्त 'बायल्या' लिहिलं. गटातल्या मैत्रिणीने त्यावर लाल रेघ ओढली. तिचं म्हणणं, बायल्या म्हणजे ज्याचं चालणं-बोलणं बायकी तो, उनोका तसा कुठे होता? आमच्याकडे असं नाही. आजी बाळंतीण असताना माझे आजोबा आडावरून पाणी आणायचे. एक घागर खांद्यावर, एक हातात. डोक्यावर कधी नाही, तेवढी लाज राखलेली. मिशा लिंबू ठेवता येईल अशा. तरी अख्खी आळी त्यांना बायल्या म्हणायची, आणि ते नाव मरेपर्यंत चिकटलं. तर बायल्या चालेल की नाही?

पाणिनीचा_शेजारी
'स्त्रैण' हा नेमका, सभ्य आणि शुद्ध शब्द हाताशी असताना आळीतल्या शिव्या कशाला?

वाईकर
काका, आठ-दहा वर्षांचं पोर भांडणात 'तुझा बाप स्त्रैण' म्हणेल का? शिवाय संस्कृतात स्त्रैण म्हणजे बायकोच्या आहारी गेलेला असाही अर्थ आहे. उनोकाच्या बायकापोरांना पोटभर खायला मिळत नव्हतं, तो कसला आहारी जातोय.

माझं मत 'नामर्द'. उनोकाला रक्त बघवत नसे, लढाईचं नाव काढलं की तोंड उतरायचं.

पाणिनीचा_शेजारी
नामर्द फारसी आहे.

वाईकर
माझ्या प्रतिसादातला 'शिवाय'सुद्धा फारसीतूनच आलाय, तोही काढू का?

टवाळ
मान न मिळवलेला म्हणजे 'पदवी नसलेला' लिहू नका हं ताई. वाचकाला वाटेल उनोका बी.ए. नापास होता.

रानजाई
टवाळ, हसू नका, पहिल्या खर्ड्यात तेच लिहिलं होतं. आता 'मान' केलंय. पण तेही बोचतं. आपल्याकडचा मानकरी बहुधा जन्माने असतो. पालखीचा मान अमक्या घराण्याचा, पहिला नारळ तमक्याचा. इग्बोंमध्ये, म्हणजे ओकोन्क्वोच्या समाजात, मान ज्याने त्याने स्वतःच्या कमाईवर घ्यायचा. बापाचा काही नसला तरी मुलाला घेता येतो, ओकोन्क्वोचा सगळा आटापिटा त्यावरच तर आहे.

मांडवीतीर
मी गोव्याची. आमच्या कोंकणीत बायल म्हणजे बाई आणि बायल म्हणजे बायकोसुद्धा. 'म्हजी बायल' यात कसलाही कमीपणा नाही. लग्न करून पुण्यात आले तेव्हा शेजारच्या मुलाला कोणीतरी 'बायल्या' म्हणालं आणि मला कळेचना की ही शिवी कशी झाली. माझ्या कानाला ते 'बायलेचा कोणीतरी' असं ऐकू आलं.

म्हणून वाटतं, रानजाईंचा शब्द वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. साधा शब्द बाईसाठी, तोच पुरुषाला लावला की शिवी. फक्त मराठीत बाईल मागे पडली आणि शिवी तेवढी उरली.

वाईकर
मागे पडली खरी. तुकोबांची 'बाईल कर्कशा' सोडली तर आता बाईल भेटते कुठे? माझा एक तर्क: 'बाई'ला लाडाचा 'ल' लागून बाईल झालं असावं.

पाणिनीचा_शेजारी
लाडाचा ल! व्युत्पत्ती ही लाडाने होत नसते.

रानजाई
आता खरी अडचण सांगते, आधी मुद्दाम सांगितली नव्हती.

याच कादंबरीत डोंगरातल्या गुहेत एक दैवत आहे. लोक लांबून कौल घ्यायला येतात. त्याचंही नाव अग्बाला! इंग्रजीत एक सोय आहे: दैवताचं पहिलं अक्षर मोठं, शिवीचं बारीक. देवनागरीत मोठं-बारीक अक्षर नाही. म्हणजे मी शब्द तसाच ठेवला तर दोन्हीकडे अगदी एकसारखा 'अग्बाला' दिसणार. आणि भाषांतर केलं तर शिवी एकीकडे, देव दुसरीकडे, दोघांची गाठच पडणार नाही. बापाला ज्या शब्दाने हिणवलं तोच शब्द ओरडत रात्री पुजारीण दारात येते आणि हा छातीठोक पहिलवान ओकोन्क्वो तिच्यापुढे गयावया करतो. हे मराठीत कुठे जाईल?

वाईकर
कुठेही जाणार नाही, मांढरदेवला या. काळूबाईला आम्ही नुसतं 'बाई' म्हणतो. बाईचा डोंगर, बाईचं वारं. तीच बाई, आणि तिच्यावरूनच बायल्या. एकाच शब्दातून देवी आणि शिवी दोन्ही निघालेत. आणि ती पुजारीण, चिएलो ना? दिवसा बाजारात ओकोन्क्वोच्या बायकोच्या, एक्वेफीच्या शेजारी बसून विकणारी दोन पोरांची विधवा, रात्री अंगात आलं की तिच्यापुढे कोणाची बोलायची टाप नाही. अशी एक बाई आमच्या गावात भाजी विकायची. मंगळवारी तिच्याशी भावावरून घासाघीस करायला लोक टरकायचे.

हारकोर्टवाला
मी चार वर्षं नायजेरियात पोर्ट हारकोर्टला नोकरीला होतो. आमच्या साइटवरचे बरेच जण इग्बो, त्यामुळे कामापुरती भाषा कानावर पडली. म्हणून सांगतो, 'एकच शब्द' म्हणायची घाई नको. इग्बो सुरांची भाषा आहे. 'अक्वा' एका सुरात कापड, दुसऱ्यात अंडं, तिसऱ्यात रडणं, चौथ्यात पलंग. मी एकदा हॉटेलात अंडं मागताना काय मागितलं देव जाणे, पोरगा हसत आत पळाला. लिहिलेलं सारखं दिसलं म्हणून बोललेलं सारखं असतंच असं नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला जास्त छळणार आहे. इग्बोत तो आणि ती असा भेदच नाही. तिसऱ्या माणसाला एकच सर्वनाम. 'अदा या' म्हणजे त्याची मुलगी, आणि तिची मुलगीसुद्धा. माझा फोरमन इंग्रजी बोलताना बायकोला सर्रास 'ही' म्हणायचा आणि आम्ही मागे हसायचो. नंतर लाज वाटली. त्याच्या भाषेला तो हिशोब ठेवायची गरजच पडलेली नव्हती.

पुजारीण ओरडते त्या ओळीत हेच 'अदा या' आहे: अग्बालाला मुलगी एझिन्मा बघायची आहे. (एझिन्मा खरं तर ओकोन्क्वोची लेक.) आता बोला, त्याची मुलगी की तिची? देव की देवी?

रानजाई
गेले तीन तास यातच. मराठीत 'त्याची' म्हटलं की मालकही कळतो आणि मुलगीही. पण एक वाट सापडली: 'अग्बालाला आपली मुलगी बघायची आहे.' 'आपली'ने मालकाचं लिंग झाकलं, आणि 'बघायची' मुलीमागे गेलं. अख्ख्या वाक्यात अग्बाला तो की ती, कुणाच्या बापाला कळणार नाही.

पाणिनीचा_शेजारी
हे मात्र उत्तम. चतुर्थीचा असा उपयोग मी कुठे पाहिला नव्हता. पण पुढच्याच वाक्यात 'अग्बाला म्हणाला' की 'म्हणाली'?

रानजाई
काका, पुढच्या वाक्याचं नाव काढू नका.

हारकोर्टवाला
आणखी एक. तिथे 'दी' म्हणजे नवरा. पण जोडशब्दात 'दी' म्हणजे त्या कामातला उस्ताद. 'दी जी' म्हणजे याम या कंदाचा मोठा शेतकरी. मला कायम आपल्या 'धनी'ची आठवण यायची. आजी आजोबांना धनी म्हणायची, आणि गुरांचा धनी, शेताचा धनी तोही धनीच.

याचं महत्त्व असं की तिथे बाईही बाईची 'दी' होऊ शकत असे. सधन बाई रीतसर वधूमूल्य देऊन दुसरी बाई घरात आणायची, तिची मुलं हिच्या नावाची. इफी अमादिउमे यांचं १९८७चं पुस्तक न्नोबी गावातल्या अशाच बायकांवर आणि मुलाच्या जागी बसवलेल्या लेकींवर आहे. मिशनरी आले आणि हे सगळं पाप ठरलं. इंग्रजीत 'फिमेल हजबंड' म्हटलं की सर्कशीतला खेळ वाटतो. 'बाई धनी' म्हणून बघा, कुणी दचकणार नाही.

टवाळ
माझ्या घरी तर तीच पद्धत आहे.

निंबोणी
मूळ प्रश्नाकडे येते. 'बायल्या'ला माझा विरोध आहे, पण कारण वेगळं. बायल्या हा कामावरून ठरतो. रानजाईताईंचे आजोबा पाणी आणत होते म्हणून बायल्या. बुची एमेचेटा यांच्या 'द जॉईज ऑफ मदरहूड'मधला (१९७९) न्नाइफे खरा बायल्या. लागोसला गोऱ्या मडमेचे कपडे धुतो, आणि गावाकडून आलेल्या बायकोला, न्नु एगोला, त्याची किळस येते. हा नवा पगारी बायल्या साहेबाच्या राज्यात तयार झाला. उनोका त्याच्या आधीचा. त्याने बायकांचं कुठलंच काम केलं नाही. त्याने मान मिळवला नाही, एवढंच. त्याला 'बिनमानाचा' म्हणा.

वाईकर
पोर भांडणात 'बिनमानाचा' म्हणेल? मान नसलेला म्हटल्यावर मला डोकं आणि खांदे जोडलेला माणूस दिसतो.

आणि कादंबरीतलीच साक्ष देतो. भावकीच्या बैठकीत ओकोन्क्वो ओसुगो नावाच्या एका बिनउपाधीच्या माणसाला म्हणतो, ही बैठक पुरुषांची आहे. सगळे ओसुगोच्या बाजूने उभे राहतात, ओकोन्क्वोला माफी मागावी लागते. म्हणजे शब्द समाजात होता, पण तोंडावर फेकणं तिथेही असभ्यच. आपल्या 'बायल्या'सारखंच. पाठीमागे सगळे म्हणतात, समोर म्हटलं की भांडण.

निंबोणी
ओसुगोचा प्रसंग तुमच्या नाही, माझ्या बाजूचा आहे. तिथेही प्रश्न उपाधीचाच होता, वागण्याचा नव्हता.

आणि तुम्ही सगळे पुरुषाच्या शिवीवर चार दिवस घालवताय, म्हणून जरा बायकांचा शब्द टाकते. इग्बो बायकांची एक जुनी शिक्षा होती, इंग्रजीत तिला 'सिटिंग ऑन अ मॅन' म्हणतात. बायकोला मारणारा असो की बायकांच्या पिकात गुरं सोडणारा, त्याच्या अंगणात गावातल्या बायका जमायच्या, रात्रभर नाचत त्याच्या अब्रूचे वाभाडे काढणारी गाणी म्हणायच्या आणि याम कुटायच्या मुसळांनी त्याच्या झोपडीवर बडवायच्या. तो कबूल होईपर्यंत हलायच्या नाहीत. 'माणसावर बसणे' लिहिलं तर लोक भलतंच समजतील. काय म्हणाल?

मांडवीतीर
घेराव?

पाणिनीचा_शेजारी
धरणे. आपल्याकडे सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरून बसत असे. स्वतः उपाशी राहायचा, त्यालाही जेवू द्यायचा नाही. अगदी तेच.

निंबोणी
काका, तुमच्या धरणेकऱ्याला उपास घडायचा. या बायका उपाशी नव्हत्या, गात होत्या! पण शब्द आवडला.

यातूनच १९२९चं मोठं प्रकरण झालं. आदल्या वर्षी पुरुषांवर कर बसला होता. नोव्हेंबरमध्ये ओलोको गावात शिरगणतीवाला न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या दारात आला. ती पामतेल काढत होती. तो म्हणाला, तुझी माणसं, शेळ्या-मेंढ्या मोज. ती म्हणाली, तुझ्या आईला कोणी मोजलं होतं का? तिथून ठिणगी पडली आणि हजारो बायका निघाल्या. साहेबाने नेमलेले वॉरंट चीफ जवळजवळ सगळे पुरुष, आणि बायकांच्याही सभा असतात, त्यांचाही अधिकार चालतो, हे साहेबाच्या गावीच नव्हतं. गोळीबारात पन्नासहून जास्त बायका मेल्या. साहेबाने नोंद केली 'आबा रायट्स'. बायका म्हणतात 'ओगु उमुन्वान्यी', बायकांची लढाई.

वाईकर
बंड की स्वातंत्र्यसमर. आपण १८५७वरून हेच भांडलो की.

हारकोर्टवाला
'ओगु'ला मी 'झुंज' म्हणेन.

पाणिनीचा_शेजारी
झुंज कोंबड्यांची. संग्राम म्हणा.

निंबोणी
मुसळ घेऊन आलेल्या बायका संग्राम करत नाहीत काका, त्या भांडायला येतात. लढाईच बरी.

रानजाई
मंडळी, रविवार परवावर आला. 'अग्बाला' तसाच ठेवतेय, शिवीच्या जागी 'अग्बाला' आणि लगेच पुढे 'म्हणजे बाईच' एवढंच. पटलंय असं नाही. बायल्या काढताना आजोबांना घराबाहेर काढल्यासारखं वाटलं.

आता शेवटचं. याम म्हणजे काय लिहू? 'पिकांचा राजा', फक्त पुरुषांनी लावायचा. मी रताळं लिहिलंय.

निंबोणी
रताळं नाही!! ते वेगळ्याच कुळातलं. याम म्हणजे कोनफळ.

टवाळ
पुरुषांचं पीक आणि नपुंसकलिंगी? ओकोन्क्वो कोयता घेऊन येईल.

वाईकर
सुरण लिहा. पुल्लिंगी आहे, खाजराही आहे, ओकोन्क्वोला शोभतो.

निंबोणी
सुरणाचा यामशी काही संबंध नाही, तो अळूचा भाऊबंद. त्या कादंबरीत बायकांनी लावायचा कोकोयाम आहे ना, ती आपली अळकुडी. सुरण लिहिलात तर ओकोन्क्वोला बायकांच्या वाफ्यात उभं कराल.

मांडवीतीर
आमच्याकडे काटेकणगां मिळतात, ती यामच्याच जातीची. मिठाच्या पाण्यात उकडायची, सोलून गरम गरम खायची. बायकांच्या पिकात कसावा पण आहे का? त्याला काय लिहिलंत?

रानजाई
साबुदाण्याचा कंद. उपासाला चालतो का विचारू नका.

पाणिनीचा_शेजारी
कोनफळ ही संज्ञा सर्व महाराष्ट्रात परिचित नाही.

निंबोणी
काका, तुम्ही भाजी आणायला कधी गेला आहात?

टवाळ
जाऊ द्या हो, आळी बायल्या म्हणेल त्यांना.

गावकूस
वरचे प्रतिसाद वाचले नाहीत, वेळ नव्हता. 'बाईलबुद्ध्या' चालेल का?