मदत हवी आहे : माळीनगर वसले त्या काळातील जमिनीची कागदपत्रे मुंबईत कोठे पाहावीत?

मूळच्या सासवडच्या माळी बागायतदारांनी माळशिरस तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या भिजवणीत वसवलेल्या माळीनगरवर मी लिहीत आहे. 1932 मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या साखर कारखान्याची माहिती सहज मिळते. अडते ते त्याआधीच्या स्थलांतरापाशी, म्हणजे कोणती कुटुंबे आधी आली आणि जमिनी त्यांनी खंडाने घेतल्या की खरेदीने, यापाशी. सोलापूरचे 1884 चे गॅझेटियर पाहिले, पण ते या कालव्याच्याही आधीचे, त्यामुळे उपयोगाचे नाही. मोडी मला वाचता येते. मात्र सध्या मुंबईबाहेर जाणे शक्य नाही. काळाघोड्याच्या पुराभिलेखागारात यासाठी महसूल खात्याची दप्तरे मागवावीत, की त्या काळी पाटबंधारे सांभाळणाऱ्या सार्वजनिक बांधकाम खात्याची?